ताकुआनचं पत्र आणि आपली भांडणं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी सकाळी तालमीत मुलांकडून जोर-बैठका काढून घेत आणि दुपारी शाळेत इतिहास शिकवत. त्यांच्या नावाने बोलायचं म्हटल्यावर हा विषय मला आपोआप सुचला. युद्धकलेशी नातं असलेल्या भिक्षूंचा विचार तुमच्या-माझ्या भांडणांत काही कामाचा आहे का? मी स्वतः काठी किंवा तलवार कधी हातात धरलेली नाही. मी वकील आहे आणि बरीच वर्षं जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ म्हणून बसते. भांडणारी माणसं मात्र रोज समोर असतात. त्यांच्याविषयी कायद्याच्या पुस्तकांत जे मिळालं नाही, ते मला सतराव्या शतकातल्या एका जपानी भिक्षूच्या पत्रात मिळालं. आज मुख्यतः त्या पत्राविषयी बोलायचं आहे.

पण त्याआधी शाओलिनशी हिशेब पुरा करावा लागेल. युद्धकला आणि भिक्षू हे दोन शब्द एकत्र आले की सगळ्यांना तोच मठ आठवतो. आणि आपल्याकडे त्यासोबत बोधिधर्मही येतो. दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने चिनी भिक्षूंना लढायला शिकवलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिला ऐतिहासिक आधार नाही. चीनच्या हनान प्रांतात सोंग पर्वतावर हा मठ इ. स. 495 च्या सुमारास उत्तर वेई सम्राटाने बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी बांधला, एवढा भारताचा संबंध पक्का. बोधिधर्माचं नाव व्यायामाशी जोडणारा ‘यीजिन जिंग’ हा ग्रंथ 1624 चा, म्हणजे बोधिधर्मानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने लिहिलेला. त्याच्या जुन्या म्हणून छापलेल्या प्रस्तावना बनावट आहेत, हे तांग हाओ या चिनी इतिहासकाराने विसाव्या शतकात दाखवून दिलं. खोट्या अभिमानाने आपल्या हाती काही लागत नाही, म्हणून हे आधीच सांगितलं.

शाओलिनची सर्वांत गाजलेली लढाई 621 सालची. तेरा भिक्षूंनी, पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनच्या बाजूने उतरून, त्याच्या शत्रूच्या पुतण्याला पकडून दिलं. 728 साली कोरलेल्या शिळेवर त्याची नोंद आहे. या लढाईला आपण तत्त्वज्ञानाचा मुलामा देतो. तिच्या मुळाशी मात्र मठाची जमीन होती. आधीच्या सुई सम्राटाने मठाला दिलेली ती जहागीर त्या शत्रूने बळकावली होती, आणि भिक्षू ती परत मिळवायला उतरले. लढाईनंतर मठाला जमीन मिळाली, पाणचक्की मिळाली. हे वाचलं तेव्हा मला ते भिक्षू एकदम ओळखीचे वाटले. माझ्यासमोर येणारे वाद बरेचदा जमिनीचे आणि पाण्याचेच असतात.

आणखी एक धागा सांगून पुढे जाते. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला चिनी भिक्षू ह्युएन त्संग याच मठाच्या जवळच्या गावात जन्मला. 645 साली भारतातून परतल्यावर त्याने शाओलिनमध्ये बसून संस्कृत ग्रंथांचे अनुवाद करण्याची परवानगी मागितली. सम्राटाने ती नाकारली. आपल्याविषयी त्याने जे लिहून ठेवलं ते शाळेत शिकलेलं तुम्हाला आठवत असेल: इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर आधी बजावून घेतात. आपण या वर्णनातला मानीपणा मिरवतो. मला त्यात अडकलेलं मन दिसतं. चौदाशे वर्षांपूर्वी ते एका परदेशी भिक्षूच्या नजरेला पडलं होतं.

आता ताकुआनकडे वळू.

ताकुआन सोहो 1573 साली जपानच्या ताजिमा प्रांतात जन्मला आणि 1645 साली वारला. आपले तुकोबा आणि रामदास 1608 चे; म्हणजे त्याची उत्तरायुष्यातली वर्षं त्यांच्या तारुण्याची वर्षं. 1609 साली क्योतोच्या दाइतोकुजी या थोर झेन मठाचं प्रमुखपद त्याच्याकडे आलं आणि तीन दिवसांत ते सोडून तो निघून गेला. पुढे सम्राटाने भिक्षूंना दिलेली मानाची जांभळी वस्त्रं शोगुनच्या, म्हणजे प्रत्यक्ष राज्य चालवणाऱ्या लष्करी शासकाच्या, सरकारने रद्द ठरवली. ताकुआनने त्याला उघड विरोध केला, आणि 1629 साली त्याला उत्तरेकडच्या कामिनोयामा इथे हद्दपार करण्यात आलं. 1632 मध्ये सुटका झाली. ज्या सत्तेने हद्दपार केलं तिच्याच तिसऱ्या शोगुनने, इएमित्सुने, पुढे त्याला मानाने जवळ केलं आणि त्याच्यासाठी एदो या शोगुनच्या राजधानीजवळ मठ बांधून दिला. जपानी जेवणात मुळ्याचं पिवळं लोणचं असतं, त्यालाही त्याचंच नाव आहे.

त्याचा मित्र याग्यू मुनेनोरी हा शोगुनचा तलवारगुरू. हा नुसता पट्टेबाज नव्हता. 1632 साली त्याच्याकडे दाइम्यो, म्हणजे मोठ्या सरदारांवर, नजर ठेवण्याचं काम आलं. 1636 मध्ये तो स्वतः दाइम्यो झाला. देशात 1615 नंतर मोठी युद्धं जवळपास थांबली होती. तलवार कमरेला आहे, पण रणांगण नाही, अशी एक पूर्ण पिढी तयार होत होती. अशा माणसाला ताकुआनने लांबलचक पत्र लिहिलं. ‘फुदोची शिनम्योरोकु’ या नावाने ते आजही वाचलं जातं. फुदो म्हणजे आपल्या बौद्ध परंपरेतला अचल: उजव्या हातात तलवार, डाव्या हातात पाश, पाठीशी ज्वाळा.

पत्राचा गाभा असा. समोरून तलवार येताना दिसली आणि मन त्या तलवारीवर थांबलं की तुमचे हात रिकामे झाले. तुम्ही कापले जाणार. मन शत्रूवर थांबलं तरी तेच, स्वतःच्या तलवारीवर थांबलं तरी तेच, जिंकायच्या विचारावर थांबलं तरी तेच. अचलाची स्थिरता ताकुआन दगडाची किंवा लाकडाची मानत नाही. मन पुढे-मागे, डावी-उजवीकडे मोकळेपणी फिरतं आणि कुठेच अडकत नाही, ही त्याच्या लेखी स्थिरता. दहा जण एकामागून एक चालून आले आणि प्रत्येक वार परतवून मन तिथल्या तिथे सुटत गेलं, तर दहांनाही पुरे पडता येतं. पहिल्यापाशीच ते घुटमळलं तर दुसऱ्याचा वार बसतो.

यासाठी तो हजार हातांच्या कान्नोनचा दाखला देतो. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. मुंबईजवळच्या कान्हेरीत 41 क्रमांकाच्या लेण्यात त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. क्योतोच्या सान्जुसान्गेन्दो मंदिरात हजार हातांच्या रूपातल्या त्याच्या हजार मूर्ती ओळीने उभ्या आहेत. ताकुआन विचारतो, धनुष्य धरलेल्या एका हातावर या बोधिसत्त्वाचं मन थांबलं तर बाकीचे नऊशे नव्याण्णव कशाला? ते सगळे चालतात, कारण मन एकावरही थांबत नाही.

मध्यस्थीच्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगते. गोपनीयता हा आमचा पहिला नियम, त्यामुळे पुढचं प्रकरण कोणा एकाचं नाही. अनेकांतून जुळवलेलं आहे. दोन भाऊ, सामाईक विहीर, पाण्याच्या पाळ्या, मोटरचं वीजबिल, कोरलेला बांध. दिवाणी दावा, त्यातून फौजदारी तक्रार. आकडे मांडले की दोघांनाही पटतात. थोरला मान डोलावतो. सही करायची वेळ येते आणि तो पेन खाली ठेवतो. वडिलांच्या तेराव्याला सगळ्या भावकीसमोर धाकटा म्हणाला होता, “तू काय केलंस रे या घरासाठी?” ते वाक्य कोणत्याही दाव्यात नाही, कैफियतीत नाही, पुराव्यात नाही. पण थोरल्याचं मन त्या दिवशी त्या मांडवात थांबलं ते थांबलंच. दरम्यान उसाला पाणी नाही, मुलीचं लग्न लांबतंय, वकिलांची फी वाढतेय, आणि यातल्या कशालाही उत्तर द्यायला त्याच्याकडे हात उरलेला नाही.

अशा माणसाला आपण काय सांगतो? “सोडून दे.” “विसर.” “मनावर ताबा ठेव.” ताकुआनच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा इथे येते, कारण तो ताब्याचा उपदेश करत नाही. मन कुठे ठेवावं, असा प्रश्न तो स्वतःच उभा करतो. ते बेंबीखाली दाबून ठेवावं, भटकू देऊ नये, असं शिकवणारे त्याच्या काळातही होते. तो म्हणतो, सुरुवातीला हे ठीक आहे. पण दाबून ठेवलेलं मन दाबण्यातच गुंतून पडतं. चिमणी पकडेल म्हणून मांजरीला कायम दोरीने बांधून ठेवलं तर ती मांजर कशाच्याच उपयोगाची राहत नाही. तिला अशी शिकवावी, की मोकळी सोडली आणि शेजारी चिमणी असली तरी ती झडप घालणार नाही. आपल्या घरांत संयमी म्हणून नावाजलेली किती माणसं ही बांधलेली मांजर असतात, ते सुनांना आणि मुलांना विचारावं. तोंडातून शब्द निघत नाही, आणि घरातला प्रत्येक जण त्या न निघालेल्या शब्दाच्या धाकात वावरतो.

मुनेनोरीला हा मुद्दा पुरेपूर कळला होता. त्याच्या ‘हेइहो कादेन्शो’ या 1632 च्या ग्रंथात मनाच्या आजारांची मोजदाद आहे. जिंकायचंच असं धरून बसणं हा आजार, शिकलेला डाव वापरायचाच हाही आजार, आणि हे आजार घालवायचेच असं घेऊन बसणं हाही आजारच. रागावर नियंत्रणाची पुस्तकं वाचून, शिबिरं करून आलेले पक्षकार हल्ली मला भेटतात. समोरचा ओरडतो तेव्हा ते श्वास मोजत असतात. त्यांचं अर्धं लक्ष श्वासावर आणि उरलेलं आपण किती शांत आहोत यावर असतं. समोरच्याचं म्हणणं कोणीच ऐकत नाही. ताकुआनने याचाही उलगडा केला आहे. अगदी नवख्या माणसाला पवित्रा माहीत नसतो, म्हणून त्याचं मन कुठे अडत नाही; अंगावर वार आला की तो जमेल तसा अडवतो. शिकायला लागल्यावर हात कुठे, पाय कुठे, नजर कुठे, अशा शंभर जागी मन अडतं आणि तो पूर्वीपेक्षा अवघडतो. वर्षानुवर्षांच्या मेहनतीनंतर शिकलेलं अंगात मुरतं आणि तो पुन्हा पहिल्यासारखा मोकळा होतो. तालमीतल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. डाव आठवून मारायला गेलं की वेळ निघून जाते, हे मातीत पडल्यावर कळतं. त्यामुळे मधल्या अवघडलेल्या टप्प्याला नावं ठेवू नयेत. श्वास मोजणाऱ्या माणसाने थांबू नये, पुढे जात राहावं.

यावर एक गैरसमज संभवतो. न थांबणं म्हणजे झटपट असणं, असं कोणी समजेल. गारगोटीतून ठिणगी उडावी तसं विनाअंतर, हे शब्द ताकुआन वापरतो खरा, पण लगेच बजावतो की ही घाईची गोष्ट नाही. घाई केली की मन घाईवरच थांबतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर भावाचा संदेश आला आणि पाच सेकंदांत जळजळीत उत्तर गेलं, ही त्या अडकलेल्या मनाचीच करामत. ते उत्तर दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या वाक्याला दिलेलं असतं.

मग त्या थोरल्या भावाचं काय करायचं? सहसा मी त्याला धाकट्यापासून वेगळं बसवते आणि तेराव्याच्या दिवसाची सगळी हकीकत सांगू देते, मध्ये न तोडता. “ते जाऊ द्या, मुद्द्यावर या,” असं म्हणत नाही. सांगून झाल्यावर विचारते, “उद्या सकाळी मोटर कोण सुरू करणार?” प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर मांडवात बसून देता येत नाही, विहिरीवर यावंच लागतं. तो विहिरीवर आला की पाण्याचं बोलणं सुरू होतं. कधी धाकटा आपणहून त्या वाक्याबद्दल दोन शब्द बोलतो, कधी बोलत नाही. दोन्ही वेळा पाळ्या ठरलेल्या मी पाहिल्या आहेत. न ठरलेल्याही पाहिल्या आहेत.

मुनेनोरीच्या घराण्यात रिकाम्या हातांनी तलवारीला सामोरं जाण्याची विद्या होती. त्याच्या वडिलांनी, सेकिशुसाईने, 1594 साली ती पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इएयासूला करून दाखवली. सेकिशुसाईचा गुरू कामिइझुमी नोबुत्सुना याच्याविषयी एक कथा सांगतात; कुरोसावाच्या 1954 च्या ‘सेव्हन समुराई’ चित्रपटात ती तुम्ही पाहिली असेल. एका गावात एक माथेफिरू लहान मुलाला ओलीस धरून झोपडीत बसलेला असतो. कामिइझुमी डोकं भादरतो, एका भिक्षूकडून वस्त्र मागून घेतो आणि भाताचे दोन गोळे घेऊन पुढे जातो. एक मुलाकडे टाकतो, दुसरा त्या माणसाकडे. माणूस भात घ्यायला हात पुढे करतो, आणि त्याच क्षणी पकडला जातो. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण त्यातलं निरीक्षण अचूक आहे. झोपडीतल्या माणसाचं सगळं मन शस्त्र घेऊन येणाऱ्याची वाट पाहत होतं, आणि समोर आला तो भूक ओळखणारा. भांडणातल्या प्रतिपक्षाला कशाची भूक आहे हे ज्याला दिसतं, त्याच्या हाताला काम मिळतं.

इथवर आल्यावर एका गंभीर आक्षेपाला सामोरं गेलं पाहिजे. न थांबणारं मन चांगल्या-वाईटापाशीही थांबणार नसेल तर? ताकुआनच्या पत्रातच असा भाग आहे, की वार करणारा शून्य, तलवार शून्य, ज्याच्यावर वार पडतो तोही शून्य. विसाव्या शतकात जपानच्या साम्राज्यवादी युद्धांत याच जातीच्या वचनांचा वापर सैनिकांना बेदिक्कत मारायला आणि मरायला तयार करण्यासाठी झाला. ब्रायन व्हिक्टोरिया हे स्वतः झेन भिक्षू. त्यांनी 1997 च्या ‘झेन ॲट वॉर’ या पुस्तकात हा इतिहास कागदपत्रांसह मांडला. सोतो या मोठ्या झेन पंथाने 1992 साली आपल्या त्या काळातल्या वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला होता. हे बाजूला सारून झेनचे गोडवे गाणं मला अप्रामाणिक वाटतं. अडथळा नसलेलं मन निष्ठुर माणसालाही तितकंच उपयोगी पडतं, आणि ही विद्या शिकवणाऱ्याने आधी शिकणाऱ्याचं आचरण पाहिलं पाहिजे.

ताकुआनने ते पाहिलं होतं, म्हणूनच माझा या पत्रावर विश्वास आहे. ते शेवटपर्यंत वाचलं पाहिजे. तलवार, कान्नोन, मांजर हे सगळं झाल्यावर भिक्षूचा सूर बदलतो आणि तो मित्राच्या घरात शिरतो. तुझ्या मुलाचं वर्तन ठीक नाही असं ऐकतो. पण बापाचं वागणं सरळ नसताना मुलाला दोष देणं उलटं आहे, आधी तू नीट हो. तू दाइम्योंकडून भेटी-लाच घेतोस. तुझ्यापुढे लवणाऱ्यांची शोगुनजवळ भलावण करतोस, माणसाची पारख आपल्या आवडीनिवडीवर करतोस. तुला तुझ्या नाचाचा गर्व आहे आणि तो दाखवायला तू मोठ्यांच्या नोह नाटकांत घुसतोस. हे सगळं देशातल्या पहिल्या तलवारबाजाला, सरदारांवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, एक हद्दपारी भोगून आलेला भिक्षू लिहितो आहे. ज्याचं मन तलवारीवर थांबत नाही, त्याचं मन लाचेवर थांबलं आहे, स्तुतीवर थांबलं आहे. आणि ताकुआनच्या दृष्टीने हा तलवारीच्या धड्याचाच पुढचा भाग आहे. मुनेनोरीने ते पत्र फाडून टाकलं नाही, त्यांची मैत्री तुटली नाही. ताकुआन 1645 मध्ये गेला, मुनेनोरी पुढच्याच वर्षी.

आपल्या कलेत कोणतीही कसूर न काढता आपल्या घरातल्या वागण्यातली कसूर दाखवणारा मित्र आपल्याकडे आहे का, आणि असला तर त्याचं पत्र आपण जपून ठेवतो का? भिक्षूंचं तत्त्वज्ञान म्हणून शांतता, एकाग्रता, सकाळचं ध्यान असं बरंच काही विकलं जातं. 2025 साली खुद्द शाओलिनच्या मठाधिपतीला आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून पद सोडावं लागलं, म्हणजे मठाच्या भिंतीही यातून कोणाला वाचवत नाहीत. माझ्या मते या परंपरेचा खरा कस पत्राच्या त्या शेवटच्या पानांवर लागतो: आपण कुठे अडकलो आहोत हे दुसऱ्याने सांगितलं तर ऐकून घेण्याची तयारी. तालमीत वस्ताद ते सांगतो आणि आपण ऐकतो. दिवाणखान्यात बायको सांगते, धाकटा भाऊ सांगतो, तेव्हा आपल्याला तो अपमान वाटतो.

या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींचे दावे चालू असतील. निदान घरातल्या कोणाशी बोलणं तरी बंद असेल. बोलणं बंद असलेल्यांना मी काही सांगत नाही, त्यांचं त्यांना ठाऊक. पण ज्यांची तारीख लागलेली आहे त्यांना एक विनंती आहे. प्रकरण मध्यस्थीकडे पाठवायची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 मध्ये आहे, आणि न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रात मध्यस्थाची फी पक्षकारांना भरावी लागत नाही. तिथे बोललेलं तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जमलं नाही तर दावा जिथे होता तिथूनच पुढे चालतो. पुढच्या तारखेला आपल्या वकिलांना तसा अर्ज द्यायला सांगा, आणि येताना ज्याच्याशी भांडण आहे त्यालाही घेऊन या.